इलेक्ट्रिक व्हीलचेअरसह विमानप्रवास : निघण्यापूर्वी नेमकी काय तयारी करावी?

चाकोरीबाहेर (धागाकर्ती)

नमस्कार. मानेच्या मणक्याला दुखापत झाल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, मी इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरते आहे. जॉयस्टिक ढकलण्याइतपत जोर उजव्या हातात आहे, साध्या खुर्चीची चाके फिरवण्याइतका नाही. रेल्वेने आणि रॅम्प असलेल्या गाडीने पुष्कळ हिंडले, पण या खुर्चीसह विमानात एकदाही पाऊल ठेवलेले नाही (पाऊल म्हणजे अर्थातच चाक). सात आठवड्यांनी एक लांबचा प्रवास ठरला असून वाटेत एकदा विमान बदलायचे आहे.

तिकीट काढल्यावर लगेच मी विमान कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून खुर्चीची लांबी-रुंदी, वजन, बॅटऱ्या अशी सगळी माहिती दिली. पलीकडून 'हो मॅडम, नोंद झाली' असे उत्तर आले. फोन ठेवता ठेवता, नोंद नेमकी काय केली ते वाचून दाखवाल का, असे मी सहज विचारले. त्यांनी वाचले, 'प्रवाशाला व्हीलचेअर हवी आहे.' वीस मिनिटे मी माझी खुर्ची सोबत आणणार असल्याचे सांगत होते आणि त्यांनी मला त्यांची खुर्ची देऊ केली होती.

तेव्हापासून धीर थोडा सुटला आहे. माझी खुर्ची २४ व्होल्टची आहे, सीटखाली दोन जेल बॅटऱ्या आहेत, माहितीपत्रकात वजन ९८ किलो लिहिले आहे आणि हेडरेस्टसकट उंची ११९ सेंटिमीटर भरते. कोणाला, कोणत्या शब्दांत आणि किती आधी काय सांगावे, बॅटऱ्यांचे काय करावे आणि खुर्ची आपल्या नजरेआड गेल्यावर तिचे काय होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खिडकीजवळची

ताई, तुमच्या बाबतीत जे घडले ते जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत एकदा घडते, कारण विमान कंपनीच्या संगणकात या दोन अगदी वेगळ्या नोंदी असतात आणि फोनवरच्या व्यक्तीला बहुधा पहिलीच ठाऊक असते. पहिली नोंद तुम्हाला किती मदत लागते याची. डब्ल्यूसीएचआर म्हणजे प्रवासी जिना चढू शकतो, फक्त लांबचे अंतर चालू शकत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, पण विमानात आपल्या आसनापर्यंत चालता येते. आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत उचलून किंवा अरुंद खुर्चीवरून न्यावे लागते. तुमच्यासाठी तिसरी नोंद हवी. दुसरी नोंद खुर्चीची असते: डब्ल्यूसीबीडी म्हणजे कोरड्या किंवा न सांडणाऱ्या बॅटरीची, डब्ल्यूसीबीडब्ल्यू म्हणजे सांडू शकणाऱ्या ओल्या बॅटरीची आणि डब्ल्यूसीएलबी म्हणजे लिथियम बॅटरीची. तुम्हाला डब्ल्यूसीएचसी आणि डब्ल्यूसीबीडी अशा दोन्ही नोंदी, आणि त्याही दोन्ही टप्प्यांच्या विमानांवर हव्यात. दुसऱ्या टप्प्याचे विमान वेगळ्या कंपनीचे असेल, तर पहिल्या कंपनीने 'आम्ही पुढे कळवू' असे म्हटले तरी त्यावर विसंबू नका. दुसरीकडे स्वतः फोन करा.

पुन्हा फोन कराल तेव्हा ही अक्षरे एकेक करून सांगा, समोरच्याकडून वाचून घ्या आणि लेखी पुष्टी ईमेलने मागवा. त्या ईमेलची छापील प्रत प्रवासात जवळ ठेवा. काउंटरवर संगणकाने हात वर केले की तोच कागद कामाला येतो. मुदतीविषयी सांगायचे तर युरोपीय संघाच्या ११०७/२००६ या नियमावलीत ४८ तासांच्या आगाऊ सूचनेची अट आहे आणि इतरत्रही बऱ्याच कंपन्या तेवढाच अवधी मागतात, पण माझ्या मते ४८ तास हा नियमाचा किमान आकडा आहे, तयारीचा नव्हे. विमानाच्या दारातून खुर्ची आत जाणार नाही असे दोन दिवस आधी कळून तुम्ही काय करणार? तुमच्याकडे सात आठवडे आहेत, ते वापरा.

सोल्डरिंगवाला

मी व्हीलचेअर दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे प्रवासाहून परत आलेल्या खुर्च्या माझ्याकडे येतात. आधी वजनाचे बोलू. माहितीपत्रकातले ९८ किलो हे बहुतेक बॅटऱ्यांशिवायचे वजन असावे. उत्पादक तसेच छापतात. ७० अँपिअर-तासांच्या दोन जेल बॅटऱ्याच मिळून साधारण ४५ किलो भरतात. माल तोलण्याच्या काट्यावर खुर्ची चढवून खरे वजन घ्या, कारण ९८ किलो समजून दोन माणसे हात घालतात आणि खुर्ची हलली नाही की मग ती जिथे हात बसेल तिथे धरून उचलली जाते. हाताचे टेकण आणि जॉयस्टिकचा दांडा हे दोन्ही धरायला सोयीचे दिसतात, आणि दोन्ही त्यासाठी बनवलेले नसतात.

आता बॅटऱ्यांविषयी. जेल आणि एजीएम (काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवणाऱ्या) या न सांडणाऱ्या बॅटऱ्या मानल्या जातात. त्यासाठी त्यांना कंपनांची आणि दाबातील फरकाची चाचणी पार करावी लागते, शिवाय कवच फुटले तरी ५५ अंश सेल्सिअस तापमानाला आतले द्रव्य वाहून बाहेर येता कामा नये. बॅटरीवर 'नॉन-स्पिलेबल' असे छापलेले असते. या बॅटऱ्या खुर्चीतच घट्ट बसवलेल्या राहू शकतात. अट एवढीच की त्यांच्या टोकांमध्ये शॉर्ट सर्किट होता कामा नये आणि खुर्ची वाटेत आपोआप चालू होणार नाही अशा रीतीने विद्युतमंडल तोडलेले असावे. सांडणाऱ्या ओल्या बॅटरीचे प्रकरण निराळे. तशी खुर्ची चढवताना, ठेवताना आणि उतरवताना सतत उभीच ठेवता येत नसेल, तर बॅटरी काढून गळतीरोधक पेटीत भरावी लागते.

तुमच्या बॅटऱ्या ७० अँपिअर-तासांच्या धरल्या, तर दोन मिळून २४ गुणिले ७० म्हणजे १,६८० वॅट-तास (बॅटरीत मावणारी ऊर्जा) होतात. हा आकडा पाहून काउंटरवरचा एखादा कर्मचारी '३०० च्या वर चालत नाही' असे म्हणण्याचा संभव आहे. ती मर्यादा खुर्चीतून काढून केबिनमध्ये नेण्याच्या लिथियम बॅटऱ्यांसाठी आहे. जेल बॅटरीला ती लागूच नाही. हे भांडून नव्हे, बॅटरीवरच्या लेबलचा फोटो आणि उत्पादकाच्या पत्रकाचे पान दाखवून शांतपणे सांगावे.

विद्युतमंडल कसे तोडायचे हे आधी घरीच करून पाहा. जॉयस्टिकवरचे बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण धक्क्याने ते पुन्हा दाबले जाऊ शकते. काही खुर्च्यांना सीटमागे मुख्य ब्रेकर असतो, काहींत बॅटरीच्या केबलची जोडणी हाताने सोडवता येते. ज्याला तुमची खुर्ची ठाऊक नाही अशा एखाद्या शेजाऱ्याला बोलावून, नुसत्या तोंडी सूचना देऊन हे काम त्याच्याकडून करून घ्या. त्याला जिथे अडेल तिथे विमानतळावरच्या माणसालाही अडणार आहे.

चाकोरीबाहेर (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. खुर्ची काट्यावर चढवली आणि १४७ किलो भरली! कंपनीला ९८ सांगून बसले होते, ते काल दुरुस्त करून घेतले. बॅटरीवर 'नॉन-स्पिलेबल' हे शब्द सापडले, मात्र ते ज्या बाजूला आहेत ती बाजू बॅटऱ्या बसवल्यावर दिसतच नाही, म्हणून सीट वर करून फोटो काढून ठेवले. शेजारच्या काकांना ब्रेकर बंद करायला सांगितल्यावर त्यांनी अगदी आत्मविश्वासाने खुर्चीच्या मोटरचा क्लच (चाके मोटरपासून मोकळी करणारा दांडा) सोडला आणि खुर्ची भिंतीपर्यंत घरंगळत गेली. धडा मिळाला.

आता अडचण उंचीची आहे. एका टप्प्यावर बोइंग ७३७ आहे आणि दुसऱ्यावर एअरबस ए३२०. यातून काही फरक पडतो का?

रॅम्पवरचा

पडतो, आणि पुष्कळ पडतो. मी बरीच वर्षे विमानात सामान चढवण्या-उतरवण्याचे काम केले आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो.

ए३२० च्या पोटातल्या सामानाच्या दाराची उंची सुमारे १२० सेंटिमीटर असते, तर बोइंग ७३७ च्या पुढच्या दाराची ९० सेंटिमीटरही नसते. तुमची ११९ सेंटिमीटरची खुर्ची ए३२० मध्ये कागदोपत्री जाते, पण बेल्ट लोडरच्या (सामान विमानात चढवणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या) उतारावर ती थोडी कलते आणि वरची एक-दोन बोटे जागा तिथेच संपते. ७३७ मध्ये पाठ मिटवल्याशिवाय ती उभी आत जाणारच नाही. अशा वेळी विमान सुटायला वीस मिनिटे उरलेली असतात, वरून विचारणा चालू असते आणि खुर्ची कशी मिटते हे कोणालाच माहीत नसते. मग ती आडवी केली जाते. कोणी वाईट हेतूने हे करत नाही, पण दीडशे किलोची खुर्ची कुशीवर टाकली की तिचा सगळा भार जॉयस्टिकवर, हाताच्या टेकणावर किंवा पुढच्या लहान चाकाच्या काट्यावर येतो. म्हणून पाठ मिटवल्यावर उंची किती होते ते मोजा आणि विमान कंपनीला दोन्ही उंची कळवा. मोठ्या, दोन मार्गिकांच्या विमानांत ही चिंता कमी असते, कारण तिथे खुर्ची बहुधा सुमारे १६० सेंटिमीटर उंचीच्या कंटेनरमध्ये उभी जाते.

तुम्ही फोनवर जे सांगता त्यातले आमच्यापर्यंत काय पोचते, हेही सांगतो. बॅटरी बसवलेली खुर्ची विमानात कुठे ठेवली आहे हे वैमानिकाला लेखी कळवावे लागते, त्यामुळे आमच्या कागदावर एक ओळ असते: खुर्ची एक, बॅटरी अमुक प्रकारची, जागा अमुक. बस्स. क्लच कुठे आहे, कुठे धरायचे, काय तुटू शकते यांतले अक्षरही त्यात नसते. खुर्ची आमच्यासमोर येते तेव्हा तुम्ही विमानात बसलेले असता. जे काही सांगायचे ते खुर्चीनेच सांगायला हवे.

त्यासाठी खुर्चीच्या पाठीला एक मोठा कागद लॅमिनेट करून बांधा. मजकूर थोडा, अक्षरे ठसठशीत, शक्यतो फोटो. प्रवासाच्या दोन्ही टोकांना चालेल अशी भाषा घ्या, त्यातही शब्दांपेक्षा बाणांवर भर द्या. सर्वांत वर खरे वजन आणि मिटवलेली उंची. मग क्लचचे दांडे: ढकलताना कोणत्या बाजूला आणि जागेवर ठेवल्यावर कोणत्या बाजूला, दोन फोटो. हे फार महत्त्वाचे, कारण क्लच सोडलेला असताना ब्रेक लागत नाही आणि तसाच राहिला तर पट्टे सैल पडताच खुर्ची पोटात हिंडू लागते. मग पट्टे अडकवायच्या चार जागा. वाहनात खुर्ची बांधण्यासाठी चौकटीवर कड्या असतील तर त्यांना लाल पट्टी गुंडाळा आणि कागदावर 'फक्त इथे' असे लिहा. जिथे हात लावू नये तिथे काळी-पिवळी पट्टी. मी जेवढ्या खुर्च्या चढवल्या त्यांतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांवरच असा कागद होता, आणि त्या खुर्च्या बघून आम्हाला हायसे वाटायचे, कारण अंदाज बांधण्याची जबाबदारी आमच्यावरून उतरलेली असायची.

दुमडती_खुर्ची

माझ्याकडे लिथियम बॅटरीची घडी होणारी हलकी खुर्ची आहे. वरच्या चर्चेतले तिला लागू होते का? बॅटरी एका खटक्यात निघते. दोन बॅटऱ्या आहेत, प्रत्येकी २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास.

सोल्डरिंगवाला

तुमचे गणित वेगळे आहे आणि जरा काळजीचेही. नियमाचा गाभा असा की खुर्चीच्या बांधणीत लिथियम बॅटरी चहूबाजूंनी सुरक्षित असेल, तर ती आतच ठेवून खुर्ची सामानात जाते आणि अशा वेळी वॅट-तासांची मर्यादा नसते. पण घडीच्या खुर्चीत बॅटरी उघडी, सहज निघणारी असते. ती काढून केबिनमध्येच न्यावी लागते. तिथे मर्यादा आहे: एकच बॅटरी असेल तर ३०० वॅट-तासांपर्यंत, आणि खुर्ची दोन बॅटऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येकी १६० पर्यंत. तुमची प्रत्येक बॅटरी २४ गुणिले १० म्हणजे २४० ची आहे. खुर्ची एका वेळी एकाच बॅटरीवर चालत असेल आणि दुसरी केवळ राखीव असेल, तर ३०० पर्यंतची एक राखीव बॅटरी नेता येते आणि तुम्ही नियमात बसता. दोन्ही एकदम जोडाव्या लागत असतील तर बसत नाही. खुर्ची एका बॅटरीवर चालते का ते आधी पाहा, उत्पादकाकडून तसे लेखी घ्या आणि विमान कंपनीची संमती मिळवा. संमती दोन्ही परिस्थितींत लागतेच. युएन ३८.३ (लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठीची संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा चाचणी) या चाचणीचा दाखलाही उत्पादकाकडून मागून घ्या, तो हमखास विचारला जातो.

सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्येच का, असे लोक विचारतात. ती आतून तापू लागली की एका कप्प्याची उष्णता पुढच्या कप्प्याला पेटवत जाते आणि सामानाच्या कक्षातील आग विझवणारा वायू ही साखळी थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान धूर कोणाला तरी दिसतो आणि पाणी ओतता येते. बॅटरीची टोके झाकून प्रत्येक बॅटरी स्वतंत्र पिशवीत ठेवा. मार लागलेली किंवा फुगलेली बॅटरी मात्र कुठल्याच मर्यादेत बसत नाही. ती घरीच राहू द्या.

आईची_डायरी

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, त्याला स्नायूंचा विकार आहे आणि आम्ही त्याच्या खुर्चीसह अनेकदा विमानाने गेलो आहोत. खुर्चीविषयी सगळे छान लिहिले गेले आहे. मी खुर्चीतून उठल्यानंतरच्या माणसाविषयी लिहिते, कारण त्या तासांत आपण नेहमीच्या आधारावाचून असतो.

विमानाच्या दाराशी आपल्या खुर्चीतून उतरवून मार्गिकेतून जाणाऱ्या अरुंद खुर्चीवर बसवतात. तिची रुंदी इतकी कमी असते की कमरेला, छातीला आणि पायांना पट्टे लावले नाहीत तर तोल जातो. कसे उचलायचे हे आपण सांगायचे. माझा मुलगा आता स्वतःच सांगतो: एकाने मागून काखेखालून हात घालून माझीच मनगटे धरायची, दुसऱ्याने गुडघ्यांखालून, आणि मी 'तीन' म्हटल्याशिवाय कोणी हलायचे नाही. सुरुवातीला त्याला संकोच वाटे, पण एकदा न सांगता उचलल्यामुळे त्याची मांडी हातटेकणावर आपटली आणि संकोच कायमचा गेला. मार्गिकेकडची बरीच हातटेकणे वर होतात, पण त्यांची कळ खालच्या बाजूला, बिजागरीजवळ लपलेली असते आणि ती कधीकधी कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नसते. अशा हातटेकणाचे आसन आरक्षणाच्या वेळीच मागून घ्या. उचलण्यासाठी खाली अंथरायची कापडी झोळी मिळते. तीवर बसवूनच नेले तर उतरताना पुन्हा सरकवण्याचा त्रास वाचतो.

गादी खुर्चीवर सोडू नका. ती केबिनमध्ये घ्या आणि आसनावर त्याच गादीवर बसा, कारण काही तास विमानाच्या आसनावर बसून होणारी जखम भरायला महिने लागतात. गादी हवेच्या कप्प्यांची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: उड्डाणात केबिनमधला दाब सुमारे ८,००० फूट उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो आणि बंद हवा साधारण एक तृतीयांशाने फुगू पाहते. गादी दगडासारखी होते. वर गेल्यावर थोडी हवा सोडायची आणि उतरताना पुन्हा भरायची, म्हणून हातपंप जवळच्या पिशवीत हवा. आम्ही पहिल्या वेळी पंप मोठ्या बॅगेत टाकला होता आणि उतरल्यावर मुलगा जवळजवळ फळीवर बसला होता.

शौचालयाचे आधीच ठरवा. विमानात छोटी चाकाची खुर्ची आहे का हे विचारा. असली तरी कर्मचारी दारापर्यंतच नेतात, उचलत नाहीत. पाणी पिणेच बंद करण्याचा मार्ग पुष्कळ जण धरतात. आमच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट विरोध केला. मूत्रपिशवी किंवा कॅथेटरची सोय डॉक्टरांशी बोलून काही दिवस आधी घरी वापरून पाहावी.

निवांत

एवढा सगळा व्याप करण्यापेक्षा साधी घडीची व्हीलचेअर न्यावी आणि तिकडे इलेक्ट्रिक खुर्ची भाड्याने घ्यावी, हे सोपे नाही का? मी मागच्या दोन्ही प्रवासांत तसेच केले.

आईची_डायरी

ज्यांना कोणत्याही खुर्चीत बसता येते त्यांच्यासाठी ते सोपे आहे. माझ्या मुलाच्या खुर्चीची पाठ त्याच्या वाकलेल्या मणक्याच्या मापाने घडवलेली आहे आणि सीट मागे कलवता आली नाही तर अर्ध्या तासात त्याला श्वास घ्यायला जड जाते. भाड्याची खुर्ची म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. तरीही तिकडे भाड्याने देणाऱ्या आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे क्रमांक आम्ही नेहमी काढून ठेवतो, बिघाड झाला तर म्हणून.

खिडकीजवळची

बिघाडाचा विषय निघालाच आहे तर माझीच गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी एका विमानतळावर माझी खुर्ची सामानाच्या पट्ट्याशेजारी आणून ठेवली गेली. जॉयस्टिक केबलला लोंबकळत होती. मी इतकी दमले होते की 'उद्या बघू' म्हणून हॉटेलवर गेले. दुसऱ्या दिवशी कंपनीने विचारले की विमानतळावर तक्रार का नोंदवली नाही, आणि पुढचे चार महिने त्या एका प्रश्नाभोवती पत्रव्यवहार फिरत राहिला.

म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. खुर्ची हाती देण्यापूर्वी चारही बाजूंनी आणि चालू करून एक मिनिटाचे चित्रीकरण. जॉयस्टिक निघत असेल तर ती, हेडरेस्ट, पायाचे टेकण, बाजूच्या पिशव्या, जे जे सुटे होते ते सगळे काढून एका पिशवीत केबिनमध्ये. जॉयस्टिक निघत नसेल तर आतल्या बाजूला वळवून फोम आणि बुडबुड्यांचे प्लास्टिक गुंडाळायचे. खुर्ची विमानाच्या दाराशीच परत मिळावी अशी विनंती चेक-इनला, दाराशी आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांना, अशी तीनदा करायची. जड खुर्च्या जिन्याने खाली जात नाहीत, त्यांना लिफ्ट लागते आणि ती प्रत्येक ठिकाणी दाराजवळ नसते, त्यामुळे नकार मिळू शकतो. तो नकार आधी कळलेला बरा. उतरताना खुर्ची आल्याचे कळेपर्यंत मी आसन सोडत नाही, आणि नुकसान दिसले तर विमानतळ सोडण्यापूर्वी लेखी अहवाल घेऊन त्याचा क्रमांक टिपते.

आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ चा माँट्रियल करार लागू होत असेल, तर नोंदणीकृत सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. भरपाईला मर्यादाही आहे: २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात. चांगल्या इलेक्ट्रिक खुर्चीच्या किमतीपुढे हा आकडा फारच तोकडा आहे. याच कराराच्या बाविसाव्या कलमात मार्ग आहे: सामान सोपवताना त्याच्या मूल्याची विशेष घोषणा करता येते आणि कंपनीने मागितले तर जादा शुल्क भरून ती मर्यादा वाढते. काउंटरवर या घोषणेचा अर्ज मागितला की बहुतेक वेळा वरिष्ठांना बोलवावे लागते, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. अमेरिकेच्या देशांतर्गत उड्डाणांत नियम उदार आहे. तिथे सामानाची मर्यादा सहायक साधनांना लागू होत नाही आणि भरपाई मूळ खरेदी किमतीच्या आधारावर ठरते. खुर्चीची पावती आणि वेगळा विमा दोन्ही असावेत. प्रवासाच्या साध्या विम्यात मोठ्या खुर्चीची रक्कम बहुधा बसत नाही, पॉलिसी नीट वाचा.

सोल्डरिंगवाला

एक राहिले. चार्जरच्या मागचे लेबल वाचा. '१०० ते २४०' असे लिहिले असेल तर फक्त प्लग बदलणारा अडॅप्टर पुरतो. काही जुन्या चार्जरना ११५ आणि २३० असा हाताने सरकवायचा खटका असतो. तो ११५ वर राहिला आणि २३० च्या सॉकेटमध्ये लावला तर पहिल्याच रात्री चार्जर जळतो. खटका योग्य जागी करून त्यावर चिकटपट्टी लावून टाका. आणि चार्जर केबिनमध्ये न्या.

चाकोरीबाहेर (धागाकर्ती)

कालच पोचले. लांबलचक लिहिते आहे, कारण इथल्या प्रत्येकाचे काही ना काही माझ्यासोबत विमानात होते.

पाठ मिटवल्यावर उंची ८२ सेंटिमीटर भरली, ती दोन्ही कंपन्यांना कळवली. ७३७ च्या कंपनीने आधी नकार दिला, मग बाजूने काढलेला फोटो आणि मापे पाठवल्यावर तीन दिवसांनी होकार. लेखी पुष्टीत डब्ल्यूसीएचसी आणि डब्ल्यूसीबीडी दोन्ही होते. तरी काउंटरवर वॅट-तासांचा प्रश्न आलाच! बॅटरीच्या लेबलचा फोटो दाखवल्यावर त्या मुलीने तो मोठा करून वाचला, 'अच्छा, जेल' म्हणाली आणि तिथेच विषय संपला. सीट उचलून बॅटऱ्या दाखवण्याची वेळ आली नाही.

पहिल्या विमानाच्या दाराशी दोन लोडर वर आले होते. त्यांतल्या एकाने पाठीवरचा कागद वाचायला सुरुवात केली, खाली वाकून क्लचचा दांडा शोधला आणि मी न सांगता ब्रेकर बंद केला. मी अरुंद खुर्चीवर पट्ट्यांत बांधलेली होते आणि मान वळवून एवढेच पाहू शकत होते. आईची_डायरी यांच्या सांगण्याप्रमाणे 'तीन' मी म्हटले.

विमान बदलताना खुर्ची दाराशी मिळाली नाही. लिफ्ट बंद होती असे सांगण्यात आले आणि चाळीस मिनिटे मी विमानतळाच्या खुर्चीवर, सुदैवाने माझ्याच गादीवर, बसून होते. दोन विमानांत साडेतीन तासांचे अंतर ठेवले होते म्हणून पुढचे विमान चुकले नाही. दीड तासाचे तिकीट स्वस्त होते आणि मी ते जवळपास घेतलेच होते.

शेवटच्या टप्प्यावर खुर्ची उभी, पाठ मिटलेली, चारही पट्ट्यांच्या खुणा लाल कड्यांवरच, अशी परत आली. कागदावर कोणीतरी पेनाने '८२' या आकड्याभोवती गोल काढला होता. नुकसान एकच: हेडरेस्ट मी काढून घेतले, पण त्याच्या खोबणीतला स्क्रू तसाच सैल सोडला होता, तो वाटेत कुठेतरी पडला. चूक माझी. विमानतळावर अहवाल मागितला नाही, चित्रीकरण मात्र तपासले. निघताना स्क्रू जागेवर दिसतो आहे.

रॅम्पवरचा, तुमच्यासाठी कागदाचा फोटो खाली जोडते आहे. परतीच्या प्रवासासाठी त्यात काय बदलावे ते सांगा. मिटवलेली उंची मी आता सर्वांत वर, दुप्पट मोठ्या अक्षरांत घेणार आहे. आणि सोल्डरिंगवाला, सहा मिलिमीटरचा स्क्रू चालेल की मूळचाच मागवावा लागेल?

सोल्डरिंगवाला

सहाचा चालेल, पण लांबी वीस मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर तो मागच्या केबलला टेकेल. बसवण्यापूर्वी ब्रेकर बंद करा.

रॅम्पवरचा

फोटो पाहिला. क्लचचे दोन्ही फोटो एकाच बाजूने काढलेले आहेत, त्यामुळे डावा दांडा कुठे आहे ते कळत नाही. डाव्या बाजूचा एक वेगळा फोटो जोडा, बाकी कागद उत्तम आहे.